आमच्या म्हायेरची राधा

काहीही विचारा, तांडेल आधी मान वर करायचे, उजवा गाल समुद्राकडे धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "वारो बघूया, मगे बोलूया."

मचव्याला नवं शीड कधी? वारो बघूया. लेकीला मालवणच्या बाजारातून बांगड्या कधी? वारो बघूया. एकदा त्यांची लेक दारातून ओरडली, "बाबा, मीठ संपला!" तेव्हासुद्धा ह्या गृहस्थांनी गाल समुद्राकडे केला. आता मिठाचा आणि वाऱ्याचा काय संबंध, तुम्हीच सांगा! मी कुंपणापलीकडून हसले, तर मलाच समजावायला लागले, "वयनी, मीठ मचव्यातसून येता. मचवो वाऱ्यार येता." झालं. यावर आपण काय बोलणार, कपाळ?

तांडेल म्हणजे गलबताचा कारभारी. सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचा जीवही त्याच्याच हातात. आमच्या शेजाऱ्यांचा मचवा कौलं, मीठ, नारळ भरून खाली गोव्यापर्यंत आणि वर देवगड-विजयदुर्गापर्यंत जायचा. त्यांना घरचं एक नाव होतं, पण ते वाडीत कुणी घेत नसे, म्हणून मीही इथे लिहीत नाही. माणूस असा, की दारात उभा राहिला तर घरात अंधार व्हावा. आवाज असा, की बंदरावर खलाशाला हाक मारली तर आमच्या गोठ्यातली म्हैस दचकावी. आणि मिशी! दोन्ही टोकं वर वळलेली, तेल लावून चकचकीत केलेली. वाडीतली पोरं त्या मिशीला घाबरून घरी जेवायला जायची.

आणि हा माणूस शिमग्यात राधा व्हायचा.

कोकणात राहिलेल्यांना शिमग्याबद्दल मी काय सांगणार? पण जे राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फाल्गुन लागला की आमच्या वाडीच्या अंगात यायचं. काजूच्या बोंडांचा वास सगळीकडे, आंब्याला कैऱ्या लोंबतायत, कुळीथ झोडून झालेत, हाताला काम नाही आणि पायाला दम नाही. मुंबईचे चाकरमानी बोटीतून उतरायचे ते ट्रंका घरी टाकून थेट मांडावर. मांड म्हणजे देवळापुढची ती मोकळी जागा, जिथे ढोल पहिल्यांदा वाजतो. पोरं रस्ता अडवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे "शबय, शबय" करून पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागायची. म्हाताऱ्या-कोताऱ्यासुद्धा उगाच दोनदा विहिरीवर जायच्या, काय नवीन कळतंय ते बघायला.

आणि सगळ्यांचे डोळे समुद्राकडे. कारण तांडेल कुठेही असोत, वेंगुर्ल्याला असोत नाहीतर गोव्याला, होळीच्या आत मचवा बंदरात यायचा म्हणजे यायचा. डोंगरीवर चढलेल्या पोरांना शीड दिसलं की जी बोंब उठायची! "इलो रे इलो! तांडेल इलो!" सगळी वाडी बंदराकडे धावत सुटायची. तांडेल उतरले की कुणाशी एक शब्द न बोलता खडकावर बसायचे, न्हावी तिथे तयारच असायचा, आणि सगळ्यांच्या देखत ती मिशी उतरायची. मिशी खाली पडली की मांडावर ढोलाची पहिली थाप. पंचांगात पौर्णिमा कधी का असेना, आमचा शिमगा त्या मिशीवर होता.

खेळे सगळीकडेच असतात. ढोल, झांजा, सोंगं, आणि पुढे लुगडं नेसून नाचणारा पुरुष, तो राधा. घरोघर जायचं, खळ्यात म्हणजे अंगणात नाचायचं, पुढच्या घरी. पण आमच्या वाडीची एक रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेने आपल्या पहिल्या शिमग्याला राधेची ओटी भरायची. ओटी भरली की राधा तिच्या माहेरची झाली, ती कायमची. आणि राधेचा मान तांडेलांच्या घराकडे, बापजाद्यांपासून.

मी कसालची. डोंगराकडची, रस्त्याकडची. आमच्याकडे गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, समुद्र नाही. लग्न होऊन इथे आले आणि हे महिन्याभरात मुंबईला नोकरीवर गेले. मागे मी, सासूबाई आणि रात्रंदिवस ओरडणारा तो समुद्र. काय सांगू तुम्हाला, मी विहिरीवर कळशी भरायला जायची आणि डोळेच भरून यायचे. मासे साफ करता यायचे नाहीत, बोलायला कुणी नाही. आणि त्यात हा शिमगा. सासूबाईंनी हातात सूप दिलं. तांदूळ, नारळ, हळदकुंकू. म्हणाल्या, "जा गो, राधेची ओटी भर."

खळ्यात गेले आणि मला जे हसू फुटलं! राधा म्हणजे ही एवढी धिप्पाड बाई. हिरवं लुगडं, केसाळ हातांत काकणं, आणि सगळा चेहरा उन्हाने काळा, फक्त मिशीच्या जागी पांढरट पट्टा. मी पदर तोंडात कोंबला. पण ढोल घुमला आणि राधा नाचायला लागली, तेव्हा माझं हसू कुठे गेलं ते मला कळलंच नाही. अहो, एवढं मोठं शरीर, पण पाय जमिनीला लागतायत की नाही! मान अशी कलती, हात असे हळू, चाळ मोजून वाजवावेत तसे. मी बघतच राहिले. मग राधा माझ्यापुढे वाकली, पदर पसरला. मी तांदूळ घातले, नारळ ठेवला. आणि ज्या आवाजाला आमची म्हैस दचकायची तोच आवाज इतका मऊ होऊन माझ्या कानाशी आला, "बाये, रडा नको. हय तुका कोण काय बोल्ला तर माका सांग. मी तुज्या म्हायेरची."

मी तिथेच हमसून रडले. भरल्या खळ्यात, सासूबाईंच्या समोर. आणि त्या दिवसापासून मला समुद्राचा आवाज ऐकूनही झोप लागायला लागली.

तुम्हाला वाटेल, नाचातलं बोलणं नाचात राहिलं असेल. छे हो! दुसऱ्या दिवशी माझी भाकरी करपली आणि सासूबाई काहीतरी बोलल्या. लगेच कुंपणापलीकडून गर्जना: "ओ काकी! आमच्या चेडवाक काय बोला नको हां!" मी त्यांचं चेडू, म्हणजे मुलगी! सासूबाई जागच्या जागी हसत सुटल्या. पुढे मला दिवस गेले तेव्हा गोव्याहून काळंभोर, तुपकट, गोड दोदोल आणलं. फक्त मला नव्हे. वाडीतल्या कुठल्याही सुनेला दिवस गेले की पुढच्या खेपेला मचव्यातून दोदोल यायचं. माहेरून यावं तसं.

पण एकदम देवमाणूस वगैरे समजू नका. एका वर्षी ढोलवाला ताल चुकला. राधा नाचता नाचता थांबली, पदर कमरेला खोचला आणि बंदरावरच्या आवाजात कडाडली, "आवशीक खाव तुज्या, ध्यान खंय आसा रे मेल्या!" ढोलवाल्याच्या हातातली काठी खाली पडली. मग राधेने हळूच पदर सोडला, पापण्या खाली घातल्या आणि लाजत लाजत पुढचं पाऊल टाकलं. आम्ही बायका अक्षरशः जमिनीवर बसून हसलो.

तांडेलांची बायको लेक लहान असतानाच गेली होती. लेक शेवंती त्यांनीच वाढवली. घरात बाईमाणूस नाही, म्हणून लुगडं दर वर्षी माझं जायचं. नेसवायची शेवंती. एवढीशी होती तेव्हापासून स्टुलावर उभी राहून बापाच्या निऱ्या घालायची, साबण लावून त्या जाडजूड मनगटांत काकणं चढवायची आणि वर दम द्यायची, "हलू नको सांगतंय ना!" ज्या माणसापुढे खलाशी चळाचळा कापायचे तो तिच्यापुढे श्वास रोखून उभा राहायचा.

ती शेवंती लग्नाची झाली. जामसंड्याहून स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, वडिलांचं मोठं दुकान, ओटीवर कचेरीतली माणसं चहाला बसणारी. मुलगा चांगला होता, शेवंतीच्याही मनात भरला होता, ते मला तिच्या कानांवरूनच कळलं. लालबुंद झाले होते. घरात बाई नाही म्हणून पोहे-चहा माझ्याकडे. तेव्हा मी तिथे होते, ऐकीव सांगत नाही.

मुलाचे वडील अगदी शुद्ध मराठीत बोलत होते, पुस्तक वाचावं तसे. "मुलगी आम्हांला पसंत आहे. फक्त एकच सांगणं आहे. मुलीचे वडील लुगडं नेसून दारोदार नाचतात, हे आम्ही चार माणसांत कोणत्या तोंडानं सांगायचं? तेवढं आपण बंद करावं."

आम्ही सगळे तांडेलांकडे बघायला लागलो. आता मान वर होणार, गाल समुद्राकडे जाणार. पण तांडेलांनी समुद्राकडे पाहिलंच नाही. दाराआड उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाचतलंय नाय. शब्द."

मला इतका संताप आला, की व्याह्यांना दुसरा चहा मी बिनसाखरेचा दिला. तो त्यांनी मुकाट्याने प्यायला, हेही सांगितलं पाहिजे.

त्या वर्षी शिमग्याला मचवा आला, पण मिशी उतरली नाही. राधेचा मान घरातच राहावा म्हणून तांडेलांच्या पुतण्याला लुगडं नेसवलं. बिचाऱ्याने घाई घाई नाचून घेतलं. त्या वर्षीची नवी सून ओटी भरायला वाकली तर हा बोलायचंच विसरला आणि सोंगांत पळाला. ती पोर सूप घेऊन तशीच उभी. आणि तांडेल? बंदरात, नांगरलेल्या मचव्यात, जमिनीकडे पाठ करून बसले होते. खलाशी सांगत होता, पाठ हलत नव्हती, पण ढोल वाजला की पाय फळीवर हलायचा.

वैशाखात लग्न झालं. शेवंती गेली. सुखात आहे, अशी खबर यायची. नवरा चांगला, सासू अबोल पण वाईट नाही. सासऱ्यांचं मात्र सगळं घर मुठीत.

आणि मग पुढचा फाल्गुन. मी सकाळी विहिरीवर गेले. समोरून तांडेल येत होते. माझ्या हातातली कळशी सुटून पायऱ्यांवरून ठणठण करत खाली गेली. मिशी नव्हती!

"तांडेलानू! मिशी खंय गेली?"

"वयनी, हिरव्या लुगडा धुवून ठेवलास ना?"

"अहो, पण व्याह्यांक शब्द दिल्यात ना?"

"नाचतलंय नाय असो शब्द आसा. नाचतलंयच नाय," ते म्हणाले. "पण वयनी, माज्या चेडवाचो ह्यो पैलो शिमगो. ता ओटी कोणाची भरतला? जामसंड्याक ही रीत नाय. वाडयेत कोणाचाय चेडू येवंदे, मी म्हायेरची म्हणान दारात उभी रवलंय. आणि माज्याच चेडवाच्या दारात कोण नको?"

मी विचारलं, "आणि तेंनी दार लावल्यानी तर?"

"तर परत येयन. माज्या तोंडार दार लावल्यानी तर माका काय नाय. पण मागसून माज्या चेडवाक घरात कोण टोचून बोल्लो, तर? रातभर ताच मनात घोळवतंय." एवढा मोठा माणूस, आणि हात विहिरीच्या काठावर नुसता फिरवत होता. "पण गेलंय नाय, तर ता वर्साचो सगळ्यात मोठो दिस वाट बघीत रवतला. ता माका ठावक आसा."

लेकीच्या संसारात आपण माती कालवतो की काय ही भीती, आणि लेक वाट बघत असेल ही खात्री. ह्या दोहोंच्या मध्ये तो माणूस उभा होता. आणि बरोबर एक बाई हवी होती, लुगडं नेसवायला आणि आत जाऊन निरोप सांगायला. मी डोंगराकडची, उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता! मी सासूबाईंकडे पाहिलं, वाटलं नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "बघतंस काय तोंडाकडे? जा गो! तुजा म्हायेर चल्ला हा बंदरार, आणि तू भाकऱ्यो भाजतंस?"

मग काय उडाली धमाल! ढोल मचव्यात, झांजा मचव्यात, सोंगं मचव्यात. मारुतीचं सोंग शेपटी सावरत चढलं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जो वारा सुटतो, त्याला आमच्याकडे मतलई म्हणतात, त्यावर शीड भरलं आणि आम्ही निघालो उत्तरेला. वाटेत मी किती देवांना हाका मारल्या ते देवांनाच माहीत. पण ऊन वर आलं, पाणी चमकायला लागलं, पोरांनी गाणी धरली, आणि काय आश्चर्य, मीही टाळ्या वाजवायला लागले. तांडेल तेवढे सुकाणू धरून, बिनमिशीचे, पुढे बघत.

देवगडच्या खाडीत नांगर टाकला आणि मी लुगडं नेसवायला घेतलं. हलत्या होडीत एवढ्या माणसाला निऱ्या घालून बघा कधी! मी एक निरी घालावी आणि लाटेने दोन सोडवाव्यात. शेवटी कसंबसं खोचलं. धक्क्यावरची माणसं काम टाकून बघत उभी. राधा उतरली, मान खाली घालून चालायला लागली, मागे ढोल. घाटी चढून जामसंड्यात शिरेपर्यंत अर्धं देवगड आमच्या मागे होतं, पोरं, बायका, कोळणी टोपल्यांसकट. मला वाटलं, आज इथे काहीतरी होणार. एक तर लग्न मोडणार नाहीतर ढोल फुटणार.

व्याही ओटीवर बसले होते, कचेरीतल्या माणसांबरोबर. राधा खळ्याच्या कडेला जाऊन थांबली. ढोल जोरात वाजत होता. आणि राधा हलत नव्हती. एक बोटही नाही. चाळ बांधलेले पाय असे घट्ट रोवलेले, की एक घुंगरू वाजलं नाही. ढोलवाल्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, त्याने वाजवायचं थांबवलं.

व्याही उठले. चेहरा तांबडा झालेला. "हे काय आहे? आपण शब्द दिला होतात!"

राधेने वर पाहिलं नाही. मला मात्र राहवेना. मी पुढे झाले. "शब्द पाळलाय त्यांनी. बघा, पाय हललाय का? राधा नाचायला आलेली नाही. आमच्या वाडीत नवी सून पहिल्या शिमग्याला राधेची ओटी भरते. तुमच्या सुनेचं माहेर दारात उभं आहे. भरायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्हांला वाऱ्याबरोबर परत जायचंय."

व्याही ओटीवरच्या माणसांकडे बघत होते, माणसं चहाच्या कपात बघत होती. तेवढ्यात आतल्या दारात सूप दिसलं. शेवंतीची सासू, जिचा आवाज मी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता, तिने सुपात तांदूळ घातले होते, नारळ ठेवला होता आणि मागून सुनेला पुढे ढकलत होती. नवऱ्याची परवानगी तिने विचारलीही नाही.

शेवंती खळ्यात आली. राधेसमोर उभी राहिली. मला वाटलं आता ही रडणार. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "निरये वाकडे कोणी घातल्यानी हे?"

"मी घातल्या. होडीत होतो ना गो!"

"होडीत काय झाला?" ती म्हणाली, आणि भरल्या खळ्यात, सासऱ्यांच्या आणि कचेरीतल्या माणसांच्या देखत, गुडघ्यावर बसून तिने बापाच्या निऱ्या सोडून पुन्हा घातल्या. एकेक, बोटाने दाबून. "हलू नको." आणि तो डोंगराएवढा माणूस श्वास रोखून उभा राहिला. मग तिने हळदकुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ ठेवला. राधा बोलायला गेली. ओठ हलले. पण बंदर गाजवणारा तो आवाज बाहेरच येईना. दोनदा प्रयत्न केला. शेवंतीने राधेचा पदर नीट केला आणि हळूच म्हणाली, "माका ठावक आसा गो."

राधा वळली. ओटी सांभाळत निघाली. ढोलवाला ढोल खांद्यावर टाकत होता. आणि पाठीमागून हाक आली, "ओ! खंय चल्लास?"

व्याही होते. पायऱ्या उतरून खळ्यात आलेले. आणि ती पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलेली! "राधा दारात इली आणि नाचल्याशिवाय गेली, तर उद्या जामसंडा माका काय म्हणतला?"

"शब्द आसा माझो," तांडेल म्हणाले.

"शब्द माकाच दिल्लास ना? मगे घेवा, मी तो परत दितंय! वाजव रे मेल्या, बघतंस काय?"

आणि ढोल असा घुमला, की मला वाटलं छपराची कौलं खाली येणार! राधा नाचली. देवा, काय नाचली! एका वर्षाचं थांबलेलं सगळं त्या पायांत होतं. अर्धं देवगड खळ्यात घुसलं. कोळणींनी टोपल्या टाकल्या. कचेरीतली माणसं चपला शोधत ओटीवरून खाली उतरली आणि टाळ्या द्यायला लागली. आणि शेवंतीची ती अबोल सासू दारात उभी राहून इतकी हसत होती, की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मी नाचले का, असं विचाराल तर सांगणार नाही. आमच्या यांना अजून माहीत नाही.

तिसऱ्या प्रहरी समुद्रावरून वारा सुटला. लुगडं बदलायला वेळ कुणाला! तांडेल तसेच सुकाणूवर बसले. हिरवं लुगडं, हातात काकणं, मांडीवर ओटीचा नारळ, आणि शीड भरून मचवा दक्षिणेला सुटलेला. वाटेत भेटलेल्या होड्यांतली माणसं आधी डोळे चोळायची आणि मग बोंब मारायची. तांडेल प्रत्येकाला ओरडून सांगत होते, "चेडवाच्या घराकडसून येतंय रे! चेडवाच्या घराकडसून!" मध्येच थांबून पदराने डोळे पुसत होते. वारा लागला की डोळ्यांना पाणी येतं, असं मला म्हणाले. मी म्हटलं, हो, येतं.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं नाचले. वाडीत पुढे कितीतरी सुना आल्या, कुणी डोंगराकडून, कुणी मुंबईहून, आणि प्रत्येकीने त्यांची ओटी भरली. मिशी पांढरी झाली, मग उतरवली काय नि ठेवली काय, फरक कळेनासा झाला. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा पुतण्या नाचायचा आणि हे खुर्चीवर बसून ओटी घ्यायचे.

एका आश्विनात ते गेले. शेवंती जामसंड्याहून आली, तिचे सासरेही आले. सगळं उरकलं. त्यांची जात वेगळी, आमची वेगळी. आमच्या घरात त्यांचं सुतक पाळायचं काही कारण नव्हतं. संध्याकाळी तुळशीला दिवा लावायचं काम वाडीत सुनांचं, म्हणून मी नेहमीसारखी उठले, दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली. सासूबाई आता फार थकल्या होत्या, भिंतीला धरून चालायच्या. त्या खाटेवरून उठल्या, माझ्या हातातून निरांजन काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू बस गो. तुज्या म्हायेरचा माणूस गेला हा."

त्यांना आधार द्यायला मी मागोमाग खळ्यात आले. वाडीत अंधार पडत होता. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळ्या घरांपुढे तुळशीशी म्हाताऱ्या सासवाच वाकून दिवे लावत होत्या.